मनातल्या भाषेला वळण लावताना

कथेसाठी, एखाद्या खेळासाठी किंवा नुसत्या हौसेपोटी स्वतःची भाषा रचायला घेतली, की थोड्याच दिवसांत तिची लिपीही हवीशी वाटू लागते. मग बहुतेक जण एकच करतात. वहीच्या डाव्या बाजूला अ ते ज्ञ लिहून काढतात आणि प्रत्येकासमोर एकेक नक्षी. कुठे चक्र, कुठे त्रिशूळ, कुठे तीन शिंगं आणि वर दोन टिंबं. एका बैठकीत लिपी तयार होते आणि दिसतेही छान. पण तिच्यात चार ओळी सलग लिहून बघा. हात प्रत्येक अक्षरापाशी थांबतो, दोन अक्षरं शेजारी नांदत नाहीत आणि वाचायला घेतलं तर निघते मराठीच, फक्त वेश बदललेली.

अक्षरांचे आकार खरं तर पुष्कळ उशिरा ठरवायचे असतात. आधी ध्वनी, मग लिहिण्याचं साधन, मग त्या साधनातून सहज निघणारे फटकारे. अक्षरं त्या फटकाऱ्यांची जुळवून करायची आणि नंतर भरभर लिहून झिजवायची. हा क्रम पाळला तर चित्रकला बेताची असली तरी चालतं. खानदेशात राहणाऱ्याला तर याचा धडा घराजवळच मिळतो, कारण दगडावरची नागरी आणि कागदावरची मोडी अशी दोन्ही टोकं इथे बघायला मिळतात.

सोबत उदाहरणाला एक छोटी भाषा ठेवू. सातपुड्यातून उतरून तापीला मिळणाऱ्या अनेर नदीवरून तिला ‘अनेरी’ म्हणू. तिची व्यंजनं बारा: प, ब, म, त, द, न, क, ग, स, ल, र, य. स्वर पाच: अ, इ, उ, ए, ओ. एका व्यंजनामागे एक स्वर, आणि अवयवाच्या (म्हणजे शब्दाच्या एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) शेवटी हवं तर न, ल, स यांपैकी एक. ‘तिमोल’, ‘गरेन’, ‘नुसलि’ असे शब्द तिच्यात होतात. एवढ्यावर सगळं करून दाखवता येतं.

आधी कान

यादी अक्षरांची नको, ध्वनींची करा. ऐकायला सोपं वाटतं, पण आपण लहानपणापासून बाराखडी घोकलेली असल्यामुळे ध्वनी म्हटलं की डोळ्यांसमोर देवनागरीच येते. अहिराणी ऐका म्हणजे फरक कळेल. तिच्यात डोळ्याचा ‘डोया’ होतो, शाळेची ‘शाया’, पाण्याचं ‘पानी’. ळ आणि ण बोलण्यातून जवळजवळ गेलेले. उद्या कोणी अहिराणीसाठी नवी लिपी काढली आणि तिच्यात ळ-ण ऐटीत बसवले, तर ती लिपी बाजारात कान देऊन नव्हे, मराठीचं पाठ्यपुस्तक समोर ठेवून काढली हे लगेच ओळखू येईल. मोडी लिहिणाऱ्यांनीही इ-ई आणि उ-ऊ यांतला ऱ्हस्व-दीर्घ भेद व्यवहारात ठेवला नव्हता. कारभार अडला नाही.

यादी झाली की लिपीची जात ठरवायची. ढोबळ चार वाटा आहेत. पहिलीत प्रत्येक व्यंजनाला आणि प्रत्येक स्वराला स्वतंत्र अक्षर असतं. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये संथाळीसाठी घडवलेली ओल चिकी अशीच आहे. तिची अक्षरं ३०, आणि शेजारच्या भारतीय लिप्यांसारख्या मात्रा-वेलांट्या तिच्यात नाहीत. दुसरी वाट आपली बाराखडीची. तिसरीत ‘का’, ‘कि’, ‘कु’ यांना एकमेकांशी आकाराचं नातं नसलेली वेगळी अक्षरं असतात. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या चेरोकी भाषेसाठी सिक्वोया या माणसाने १८२१ च्या सुमारास अशी लिपी पूर्ण केली. तिची ८५ अक्षरं वापरात राहिली. चौथी अरबी-हिब्रूसारखी, मुख्यतः व्यंजनं लिहायची आणि स्वर वाचणाऱ्याने समजून घ्यायचे.

अनेरीला तिसरी वाट लावली तर बारा गुणिले पाच, म्हणजे साठ अक्षरं. वर सुटे स्वर आणि शेवटची तीन व्यंजनं. अशक्य नाही, पण पहिल्या लिपीला नको. मी बाराखडीची वाट धरतो, फक्त स्वर मात्रेने न दाखवता दुसऱ्या युक्तीने दाखवणार आहे. ती पुढे येईल.

आणखी एक काम याच टप्प्यावर उरकून घ्या. भाषेत वीस-पंचवीस वाक्यं लिहा आणि कोणता ध्वनी किती वेळा आला ते मोजा. सगळ्यात जास्त येणाऱ्या ध्वनीला सगळ्यात सोपं अक्षर द्यायचं. हौशी लिप्यांत नेमकं उलट झालेलं दिसतं: ज्या अक्षरावर जीव जडतो ते सहा फटकाऱ्यांचं असतं आणि तेच प्रत्येक शब्दात टपकतं.

कोण लिहितं, कशावर, कशाने

लिपीचं रूप जेवढं लिहिणाऱ्याच्या मनातून येतं त्याहून जास्त त्याच्या हातातल्या वस्तूतून येतं. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने लांब आडव्या रेघा ओढल्या तर पान शिरेवर फाटतं. दक्षिणेकडच्या आणि ओडिशाच्या लिप्या गोल वळणाच्या होण्यामागे हे एक कारण सांगितलं जातं. उत्तर युरोपातल्या रून लिपीत आडव्या रेघा टाळलेल्या दिसतात, कारण ती लाकडावर कोरत आणि लाकडाच्या धाग्याला समांतर गेलेली रेघ दिसत नाही.

आपल्याकडचं उदाहरण चाळीसगावजवळच्या पाटण्याचं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला, त्याचा शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे साधारण इ.स. १२०६ चा. संस्कृत मजकूर आणि शेवटी जुनी मराठी. छिन्नीला घाई नसते, म्हणून कोरलेलं अक्षर सुटं आणि पूर्ण असतं. आता दुसरं टोक: धुळ्याचं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ. राजवाडे १९२६ अखेर धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं. तिथे मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे. रीतसर परवानगी घेऊन एखादा मोडी कागद नीट बघा. वाचता आला नाही तरी हरकत नाही, किंबहुना न वाचता बघितलेलं बरं. पान भरून आधी शिरोरेघा ओढलेल्या असतात आणि त्यांना लटकत अक्षरं जातात, शब्दांत अंतर न सोडता, हात शक्य तेवढा न उचलता. लिहिणारा कारकून आहे, समोर ढीग आहे आणि त्याला संध्याकाळी घरी जायचं आहे, एवढं सगळं त्या वळणात दिसतं.

तेव्हा तुमच्या भाषेचा लिहिणारा ठरवा. मेंढपाळ काठीवर खुणा कोरतो का? मंदिरातली बाई ओल्या भिंतीवर बोटाने लिहिते? व्यापारी चिठ्ठ्या पाठवतो? अनेरीची माणसं मी नदीकाठचे हिशेबनीस धरतो: रुंद टोकाचं कलम, शाई आणि कागद. सुलेखन शिकायचं असेल तर हीच निवड सोयीची.

कलम

पेन विकत घेता येतं. पायलट कंपनीचं पॅरलल पेन १.५, २.४, ३.८ आणि ६ मिलिमीटर रुंदीत मिळतं, रेघ स्वच्छ येते. पण सुरुवात बांबूच्या कलमाने करावी असं माझं ठाम मत आहे. एक तर खर्च नाही, आणि दुसरं, टोक स्वतः कापल्याशिवाय कोन म्हणजे काय ते हाताला कळत नाही.

पिकलेल्या, वाळलेल्या बांबूची बोटभर जाडीची, वीतभर लांब कामटी घ्या. हिरवा बांबू नको, टोक लगेच फुगतं. पाठीकडचा चकचकीत कडक भाग तसाच ठेवा आणि पोटाकडून धारदार चाकूने तासत टोक पातळ करा. चाकू नेहमी अंगापासून लांब चालवा. टोक साधारण एक मिलिमीटर जाडीचं उरलं की मधोमध बोटाच्या पेराएवढी उभी चीर द्या, म्हणजे शाई खाली उतरत राहते. शेवटी टोक फरशीच्या तुकड्यावर ठेवून एका दाबात कापा. रुंदी चार-पाच मिलिमीटर ठेवा. चुका मोठ्या दिसतात, हेच हवं आहे. बांबूही नसेल तर आइस्क्रीमची चपटी काडी तिरकी कापून घ्या. मुळाक्षरं गिरवण्यापुरती ती पुरते.

हा शेवटचा छेद सरळ की तिरका, आणि तिरका तर कोणत्या बाजूला, यावर पूर्ण लिपीचा चेहरा अवलंबून आहे. रोमन अक्षरं लिहिताना रुंद निब अशी धरतात, की डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड येते आणि तिच्या उलट दिशेची बारीक. देवनागरीच्या परंपरेत बरोबर उलटं: उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ जाड. एकच सांगाडा दोन्ही कोनांनी लिहून बघा, दोन वेगळ्या देशांच्या लिप्या वाटतील. अनेरीला मी देवनागरीचा कोन देतो. तुम्ही दुसरा घ्या, किंवा निब अगदी आडवी धरा, मग उभ्या रेघा जाड आणि आडव्या केसासारख्या येतील. एकदा ठरवला की कोन मध्येच बदलायचा नाही. नवशिक्याचं पान विस्कटलेलं दिसतं ते बहुधा यामुळे. आकार बरोबर असतात, मनगट फिरलेलं असतं.

शाई कोणतीही पाण्यात विरघळणारी चालेल. कॅम्लिनची ड्रॉइंग शाई घट्ट वाटली तर थेंबभर पाणी घाला. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा शाई कलमाच्या टोकावरच वाळते, म्हणून सकाळी लिहा आणि टोक वरचेवर ओल्या फडक्याने पुसा. कूलरसमोर बसून लिहायचं टाळा. दमट हवेने कागद सर्द होतो आणि शाईला पाय फुटतात. झेरॉक्सचा पातळ कागद तसाही शाई पसरवतो. १०० जीएसएमचा बाँड कागद घ्या.

फटकारे

आता अक्षर काढायचं नाही. फक्त फटकारे. अनेरीसाठी सात पुरेत: उभा दांडा, आडवी रेघ, दोन दिशांच्या दोन तिरप्या, डावीकडे फुगणारा अर्धगोल, उजवीकडे फुगणारा अर्धगोल आणि एक छोटी गाठ. देवनागरी तपासून बघा, तीही अशाच मोजक्या फटकाऱ्यांवर उभी आहे.

रुंद टोकाचं कलम ओढलं जातं, ढकललं जात नाही. खालून वर ढकललं की टोक कागदात रुततं आणि शाई उडते. म्हणून पूर्ण वर्तुळ एका झटक्यात येत नाही. वरून खाली डावा अर्ध, पुन्हा वरून खाली उजवा अर्ध, असं दोन भागांत ते जुळतं. मनातली नक्षी पेन्सिलने निघते आणि कलमाने निघत नाही ती इथेच. जी नक्षी कलमाने ओढता येत नाही ती लिपीतून बाद. वाईट वाटतं, पण बाद.

शाळेची दुरेघी वही आणा आणि पानंच्या पानं एकेका फटकाऱ्याची भरा. कंटाळवाणं आहे. पण चौथ्या-पाचव्या पानावर तुमचा दांडा किंचित झुकू लागतो, अर्धगोल खाली थोडा बसका होतो, आणि हे झुकणं प्रत्येक वेळी सारखंच असतं. तेच तुमच्या लिपीचं वळण. ते सुधारू नका.

फटकाऱ्यांतून अक्षरं

आता ध्वनींची कुळं करा आणि एकेका कुळाला एकेक मूळ फटकारा द्या. कोरियाची हंगुल लिपी या बाबतीत सगळ्यांची गुरू आहे. राजा सेजोंगच्या काळात ती १४४३ मध्ये रचली गेली आणि १४४६ मध्ये जाहीर झाली. तिच्यात व्यंजनाचा आकार उच्चाराच्या वेळी जीभ, ओठ, दात कसे असतात त्यावरून घेतला आहे आणि त्याच जागेच्या जोरकस ध्वनीला एक रेघ वाढवली आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांच्या तेंग्वार लिपीतही असंच गणित आहे: दांडा आणि त्याला पोट, पोट दुहेरी केलं की घोष ध्वनी (प चा ब, त चा द), दांडा वर चढवला की घर्षणाचा ध्वनी (फ, स यांसारखा).

अनेरीत ओठांच्या ध्वनींना डावीकडे फुगणारा अर्धगोल. तोच प. सुरुवातीला गाठ दिली की ब. शेपूट ओळीखाली नेलं की म. दातांच्या ध्वनींना दांडा: डोक्यावर छोटी आडवी रेघ दिली की त, गाठ दिली की द, दांडा ओळीखाली उतरला की न. कंठाच्या दोन ध्वनींना दोन तिरप्यांचा कोन, आधी जाड तिरपी डावीकडे खाली, मग बारीक तिरपी उजवीकडे खाली. हा क, आणि गाठीसह ग. नुसत्या कलमाच्या कोनामुळे हे अक्षर फार देखणं येतं.

आठ अक्षरं झाली. उरलेल्या स, ल, र, य यांना या गणितात बसवायचं नाही. मुद्दाम. नियमात घट्ट बांधलेली लिपी कागदावर हुशार दिसते, पण सगळी अक्षरं एकमेकांची भावंडं झाल्यामुळे वाचताना डोळा घसरतो. तेंग्वारचं मला हेच थोडं खटकतं. वापरातल्या लिप्यांत काही अक्षरं घराण्याबाहेरची असतात आणि डोळा त्यांनाच धरून ओळ पार करतो. म्हणून र ला नुसती एक जाड तिरपी (अनेरीत तो सर्वांत जास्त येतो), य ला उजवीकडे फुगणारा अर्धगोल, स ला आडवी लाट आणि ल ला ओळीच्या बराच वर जाणारा दांडा.

आता स्वर. अनेरीत ते मात्रेत नसून जोडणीत आहेत. अक्षर संपतं तिथून पुढच्या अक्षराकडे जाणारी रेघ कशी जाते त्यावर स्वर कळतो. सरळ उजवीकडे गेली तर अ. वर वळली तर इ. ओळीखाली उतरून गेली तर उ. किंचित मागे दुमडून पुढे गेली तर ए. वेटोळं घेऊन गेली तर ओ. शब्द स्वराने सुरू झाला तर व्यंजनाच्या जागी एक छोटी आडवी रेघ, आणि अवयवाच्या शेवटचे न, ल, स हे अनुस्वारासारखे वर: टिंब, छोटी रेघ आणि आकडा. ती सगळी शब्द पूर्ण झाल्यावर द्यायची. असा पूर्ण शब्द बऱ्याचदा एका ओघात जातो.

लगेच एक अडचण येते. न आणि म ओळीखाली उतरतात आणि उ ची रेघही तिथेच जाते. ‘नुसलि’ लिहायला घेतलं की पहिल्याच अक्षराखाली गुंता. यावर नियम बदलण्याची घाई करू नका. देवनागरीतला ‘रु’ बघा: बाकी सगळ्या अक्षरांना उकार पायाशी लागतो, याला कमरेला. कोणाला त्यात विचित्र वाटत नाही. तसंच अनेरीत ‘नु’ आणि ‘मु’ यांना स्वतःचं रूप द्या, शेपूट डावीकडे वळवून उ ची रेघ दांड्याच्या मध्यातून काढा. मोडीतही काही व्यंजनं स्वर लागताच निराळं रूप घेतात. असे दोन-चार अपवाद आले की लिपी वापरातली वाटू लागते, रचलेली वाटत नाही.

झीज

अक्षरं ठरली की ती सुंदर लिहीत बसायचा मोह होतो. त्याऐवजी साधं बॉलपेन घ्या आणि भरभर लिहा. पानभर, मग आणखी पानभर, शक्य तेवढ्या वेगाने. बाजाराची यादी लिहा, गाडीचं वेळापत्रक लिहा, अनेरीत शब्द नसेल तर बनवा. नवं पायताण चावतं तिथेच ते सैल करावं लागतं, तसं इथे हात अडेल तिथे अक्षर सैल होऊ द्यायचं.

वेगात काय काय होतं ते नोंदवा. कोपऱ्यांचे बाक होतात. दोन फटकाऱ्यांच्या मधली उचल नाहीशी होऊन तिथे बारीक रेघ उमटते. क चा टोकदार कोन गोल होतो. आणि त च्या डोक्यावरची आडवी रेघ काढून हात परत दांड्याकडे येताना तिथे वेटोळं तयार होतं. म्हणजे त चा झाला द! अशी टक्कर कागदावर आकार जुळवताना कधीच दिसत नाही, भरभर लिहिल्यावरच दिसते. उपाय दोन: त ची आडवी रेघच काढून टाकायची, किंवा द ची गाठ डोक्यावरून पायाशी न्यायची. मी दुसरा निवडीन, कारण नुसता दांडा ओळीत हरवतो.

दांडे हरवण्याचं दुखणं जुनं आहे. युरोपातल्या मध्ययुगीन काळ्या टोकदार वळणात आय, एन, एम, यू ही सगळी अक्षरं सारख्याच उभ्या दांड्यांची होती, म्हणून आयच्या डोक्यावर खूण देण्याची रीत आली; पुढे तिचंच टिंब झालं. आपल्याकडे ‘ख’ आणि ‘रव’ यांचा घोळ असाच. त्यावर ख च्या पायाशी र चं शेपूट व ला जोडून घेतलेलं रूप शाळेत शिकवतात. तुमच्या लिपीतही अशा जोड्या शोधा. सर्वांत जास्त सारखी दिसणारी दोन अक्षरं आलटून पालटून दहा वेळा लिहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः वाचा.

मग पान दुसऱ्याच्या हातात द्या. भाषा न येणाऱ्या भावाला, भाचीला, मित्राला नुसतं बघून उतरवायला सांगा. “काय करी राहिना भो, हाई कोनती भाषा?” असं कोणीतरी विचारेलच, विचारू द्या. त्या माणसाने उतरवलेलं पान तिसऱ्याला द्या, मूळ पान लपवून. तिसऱ्या हातानंतर जे टिकलं ते तुमचं अक्षर; जे गळलं ते सजावट होती. तीन जणांनी एकाच जागी सारखीच चूक केली असेल तर चूक त्यांची नाही. तिथे तुमचा आकार हाताच्या ओघाविरुद्ध आहे, त्यांचा घ्या.

झिजलेलं रूप मिळालं की मूळ रूप टाकून देऊ नका. दोन्ही ठेवा. महाराष्ट्रात कित्येक शतकं ग्रंथ बाळबोधीत आणि कारभार मोडीत चालला, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. सावकाश लिहायची एक लिपी आणि धावती दुसरी. अनेरीच्या कोरलेल्या पाट्यांसाठी सुटं रूप, हिशेबाच्या वहीसाठी धावतं रूप. कथा लिहिणाऱ्याला याचा थेट फायदा होतो. पात्र कोणत्या वळणात लिहितं यावरून ते पुजारी आहे की दुकानदार, हे एक शब्दही न सांगता कळतं.

ओळ आणि पान

अक्षराची उंची सेंटिमीटरमध्ये न ठरवता कलमाच्या रुंदीत ठरवतात. कलम आडवं टेकवून चौकोनी ठसे एकावर एक रचा. पाच ठशांएवढं अक्षराचं अंग, वर तीन आणि खाली तीन, ही सुरुवातीला सुरक्षित मापं. अंग तीनच ठशांचं केलं तर लिपी दणकट आणि काळी दिसते, सात केलं तर किरकोळ. कलम बदललं की माप आपोआप बदलतं, हा या पद्धतीचा फायदा.

मग ओळीचा आधार. देवनागरी शिरोरेघेला लटकते. गुजराती त्याच कुळातली, पण तिने डोक्यावरची रेघ सोडली. नवापूरचं रेल्वे स्टेशन महाराष्ट्र-गुजरातच्या सीमेवरच उभं आहे. त्या भागात फिरताना दोन्ही लिप्यांतल्या पाट्या शेजारी दिसतात. एक रेघ गेल्याने ओळीचा तोल कसा बदलतो ते थोडा वेळ थांबून बघावं. अनेरीला आधार खालचा आहे, कारण तिचे स्वर तिथूनच जातात. त्यामुळे ओळींत अंतर जास्त सोडावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचे उ खालच्या ओळीच्या ल मध्ये अडकतात.

दिशाही बदलता येते. पश्चिम आफ्रिकेत १९४९ मध्ये सोलोमाना कान्ते यांनी रचलेली न्को लिपी उजवीकडून डावीकडे जाते. मात्र तुमचा हात उजवा असेल आणि शाई ओली असेल तर त्या दिशेने लिहिताना तळवा अक्षरांवरून घसरतो. डावखुऱ्यांना हे सांगायला नको, ते रोजच सोसतात.

अंक आणि विरामचिन्हं यांत फार जीव घालू नका. अंक लिपीच्याच फटकाऱ्यांतून घ्या आणि ते अक्षरांसारखे दिसत नाहीत ना एवढं तपासा. वाक्य संपल्याला एक दंड पुरतो; मोडीचा कारभार विरामचिन्हांशिवाय चालला.

संगणकावर

हे शेवटी. फॉन्टपासून सुरुवात केलेल्या लिप्या बहुधा निर्जीव होतात, कारण माऊसला वळण नसतं.

चांगलं उतरलेलं पान ३०० किंवा ६०० डीपीआयला स्कॅन करा. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये आकारांच्या कडा काढून घ्या आणि फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या प्रोग्रॅममध्ये एकेक अक्षर बसवा. दोन्ही मोफत आहेत. कडा साफ करताना हात आवरा, कलमाचा थोडा खडबडीतपणा राहू द्या. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला संगणकासाठी ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये खाजगी वापरासाठी ६,४०० जागांचा एक मोठा पट्टा राखून ठेवला आहे, हौशी लिप्या सहसा तिथे बसवतात. जगभरच्या हौशींनी आपापसांत त्या जागांची एक नोंदवहीही चालवली आहे, जिच्यात तेंग्वार आणि ‘स्टार ट्रेक’मधली क्लिंगॉन यांना जागा आहेत. क्लिंगॉनला खुद्द युनिकोडमध्ये घेण्याचा प्रस्ताव २००१ मध्ये नाकारला गेला, तेव्हा तिकडची घाई नको.

या खाजगी जागांना एक मर्यादा आहे. देवनागरीत ‘कि’ टाइप केलं की ऱ्हस्व वेलांटी आपोआप क च्या आधी जाऊन बसते, कारण संगणकाला त्या लिपीचे नियम ठाऊक आहेत. खाजगी जागेतल्या अक्षरांचे नियम त्याला कोणी शिकवलेले नसतात. अनेरीसारख्या, जोडणीतून स्वर दाखवणाऱ्या लिपीसाठी सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक व्यंजनाची पाच रूपं आधीच काढून ठेवायची आणि ‘त’ नंतर ‘इ’ आला की ‘ति’ चं जोडरूप उमटेल, असा नियम फॉन्टमध्ये लिहायचा. साठ रूपं होतात, शिवाय स्वरांची सुटी. दोन आठवड्यांच्या संध्याकाळी पुरतील.

जोडण्या तपासताना प्रत्येक अक्षरानंतर प्रत्येक अक्षर येईल अशी मोठी चौकट छापून घ्या आणि ती कागदावर बघा, पडद्यावर नको. तिरक्या जोडणीतली फट पडद्यावर दिसत नाही, छापल्यावर दिसते. आणि मजकूर कोणाला पाठवायचा असेल तर पीडीएफ करून किंवा चित्र म्हणून पाठवा. ज्याच्या फोनमध्ये तुमचा फॉन्ट नाही त्याला नुसते रिकामे चौकोन दिसतील.